बोलल्याशिवाय चाल नाही

लग्नानंतर बावीस वर्षं मी माझ्या मोठ्या भासऱ्यांशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण नव्हतं. आमच्याकडे रीतच तशी आहे. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. पुण्याकडे त्याला थोरले दीर म्हणतात आणि त्याच्याशी चारचौघांसारखं बोलतातही म्हणे. आमच्या सिहोऱ्याच्या बाजूला मात्र भासरा सपरीत, म्हणजे ओसरीत, आला की सुनेनं पदर ओढून घरात जायचं. त्याच्या सतरंजीवर बसायचं नाही, त्याच्या समोरून जायचं नाही, त्याच्या हातात थेट ताट द्यायचं नाही. काही सांगायचंच असेल तर जाऊबाईला सांगायचं, आणि चार हातांवर बसलेल्या त्या माणसाला सगळं ऐकू गेलेलं असलं तरी जाऊबाईनं ते पुन्हा सांगायचं. एकदा बैल सुटून वाडीत शिरला आणि भासरे तिथेच पाठमोरे उभे होते, तर मी जाऊबाईंना शोधत घरभर हिंडले. तोवर बैलानं सगळी वांगी खाल्ली. हसू नका, खरंच खाल्ली.

मग पहिला शब्द बोलले तो पत्त्यांच्या डावात बोलले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सगळ्या घरासमोर. गावात अजून ते बोलणं निघतं. निघू दे.

आमच्या घरात पत्ते पैशांवर नाही, पाण्यावर खेळतात. घरची एक बोडी आहे, म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला खणलेलं लहानसं तळं. पावसात ते भरतं, आणि पोळ्याच्या सुमारास पाऊस दडी मारून बसला की त्याचं तुडुम उघडून, म्हणजे मोरीचं बूच काढून, पाणी धानाला सोडायचं. बोडी एक आणि वाटे चार, चार भावांचे. चांगल्या साली पाणी तिघांना पुरतं, चौथ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, नुसता चिखल येतो. धान त्या वेळी गर्भात असतं. त्या आठ-दहा दिवसांत पाणी चुकलं की लोंबी बाहेर येते, दिसायला झकास दिसते, पण आत दाणा नसतो. त्यामुळे पहिलं पाणी कोणाचं, यावरून चारही भाऊ एका साली काठ्या घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहिले होते. तेव्हा सासऱ्यांनी नियम घातला. करीला तुम्ही नाहीतरी पत्ते कुटत बसता, तर त्यातच ठरवा. सगळ्यांना सारखे चिंचोके. ज्याचे चिंचोके आधी संपतील त्याचं पाणी शेवटचं, आणि जो शेवटपर्यंत टिकेल त्याचं पाणी पहिलं. सासरे गेले, नियम राहिला.

माझे हे तिसरे. स्वभावानं दिलदार. दिलदार माणूस पत्त्यांत सगळ्यांच्या आधी उठतो, आणि आमच्या ह्यांनी त्यात कधी खंड पडू दिला नाही.

आधी तीन पत्ती खेळायचे. मग माझ्या देवरांनी, म्हणजे सगळ्यात धाकट्यांनी, नागपुरातल्या नोकरीवरून फोनमधला एक नवा खेळ आणला. होल्डेम नाव त्याचं. प्रत्येकाला दोन पत्ते, झाकलेले. ते पाहून पहिली बोली. मग मधे तीन पत्ते सगळ्यांसाठी उघडे टाकायचे, मग एक, मग आणखी एक, आणि दर वेळी पुन्हा बोली. तुमचे दोन आणि मधले पाच मिळून ज्याचे पाच पत्ते भारी, तो जिंकला. कितीही लावा, वाटीतले सगळे लोटा, कोणी अडवत नाही. आणि पत्ते वाटायच्या आधी दोघांनी पाळीपाळीनं थोडे चिंचोके मधे ठेवायचेच, कारण कोणी काहीच लावलं नाही तर डाव कशासाठी? या सक्तीच्या चिंचोक्यांना म्हणतात ब्लाइंड.

आणि इथे आमच्या घराचं घोडं अडलं. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे मर्दाचं काम. पत्ते न पाहता चाल लावायची. न पाहणाऱ्याला अर्धं लावावं लागतं, पाहणाऱ्याला दुप्पट, आणि न पाहता जिंकला तर मिशीला पीळ. चाळीस वर्षं हेच खेळलेल्या माणसांच्या कानावर ब्लाइंड शब्द पडला की दुसरं काही शिरतच नाही. मधल्या भासऱ्यांनी जाहीर करून टाकलं की ज्याच्यावर ब्लाइंडची पाळी आली त्यानं पत्ते पाहायचेच नसतात. देवरांनी दोन पोळे समजावून सांगितलं की अहो, ते फक्त नाव आहे, पत्ते पाहून घ्या. छे. पाहिले तर ब्लाइंड कसला, असं विचारून त्यांनी देवरांनाच गप्प केलं. माझे हेही त्याच पंथाचे होते. मी चाय घेऊन दाराशी यायची तेव्हा हे न पाहिलेल्या पत्त्यांवर वाटी पालथी करत असायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे. मला ते हसू आवडायचं, आणि त्यांचं खेळणं पाहून अंगाची लाहीही व्हायची.

कावीळ होऊन हे गेले ते पोळ्याच्या चार महिने आधी. त्या करीला मी आतच बसलेली होते. मोठ्या भासऱ्यांनी जाऊबाईकडून निरोप पाठवला की काळजी करू नका म्हणावं, तिच्या वाट्याचे पत्ते मीच खेळतो. एका माणसानं दोन हात खेळायचे. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? अर्ध्या तासात देवर दाराशी आले आणि मान खाली घालून म्हणाले, वहिनी, तुमचा हात गेला. मी विचारलं कसा गेला. पत्ते काय होते? त्यांनी सांगितलं की ब्लाइंडची पाळी होती, दादांनी पाहिलेच नाहीत, तसेच लोटून दिले. स्वतःच्या हाताचे पत्ते मात्र दादा पाहून खेळत होते. ब्लाइंडच्या पाळीलाही.

हे मला आजही गिळवत नाही. हरायचं काही नाही, हे दर साली हरायचे. पण माझे पत्ते कोणी उचलूनसुद्धा पाहिले नाहीत. त्या साली पाऊस गेला, चौथ्या पाण्याला चिखल आला, आणि दिवाळीत मी दाणा नसलेल्या लोंब्या कापल्या. ज्या घरात धान मोजायला माणूस लावायचो त्या घरात मी रेशनचा तांदूळ शिजवला. लेक सुट्टीला आली होती. ती मुकाट्यानं जेवली, त्याचं मला जास्त लागलं.

ह्यांचा फोन मी बंद केला नव्हता. देवरांनी त्यात तो खेळ घालून दिलेला होता, खोट्या चिंचोक्यांचा. दुपारी नव्या धानाची राखण करताना मी तो उघडला. पहिले पंधरा दिवस मी ह्यांच्यासारखीच खेळले, येईल त्या पत्त्यावर आले-आले म्हणत, म्हणजे समोरच्यानं लावलं तेवढं लावत, आणि रोज तासाभरात लंकेची पार्वती. मग मी खेळणं थांबवून नुसतं पाहायला लागले. जिंकणारी माणसं करतात काय? तर काहीच करत नाहीत. दहा डावांतले आठ टाकून देतात. मला आधी वाटलं, भित्री आहेत. नंतर कळलं की सुरुवातीला वाटीत शंभर चिंचोके असतात आणि मधे पडलेले असतात तीन. त्या तिनांसाठी शंभर कोण लोटेल? आमचे भासरे लोटतील. शहाण्यानं पत्ते टाकावेत आणि बाकीच्यांना भांडू द्यावं. दुसरं कळलं ते पाळीचं. आधी बोलणाऱ्याला काही माहीत नसतं, शेवटी बोलणाऱ्याला सगळ्यांचं माहीत असतं. म्हणून आधी बोलायचं असेल तर फार भारी पत्ते हवेत, आणि शेवटी बोलायचं असेल तर थोडे हलके चालतात. आणि तिसरं, जे मला सगळ्यांत आवडलं: खूप वेळ गप्प बसलेला माणूस एकदा बोलला की सगळे दचकतात.

गप्प बसायचं तर मला बावीस वर्षांचं शिक्षण होतं.

पुढच्या पोळ्याला बोडी अर्धीच भरली. पाऊस पंधरा दिवसांपासून गायब होता. एकाचं धान धड झालं असतं, दुसऱ्याचं कसंबसं, उरलेल्या दोघांनी आभाळाकडे पाहायचं. करीच्या सकाळी मी देवरांना सांगितलं, आज माझ्या वाट्याचे पत्ते मी खेळणार. देवराशी आमच्याकडे थट्टामस्करी चालते, म्हणून ते आधी हसले. मग माझं तोंड पाहून थांबले. म्हणाले, कायले त्रास घेता वहिनी, माझ्याकडे द्या, मी खेळून देतो. मी म्हटलं, तुमच्या भावानं बी गेल्या साली खेळूनच देलं होतं.

घरात जो गोंधळ झाला तो सांगत नाही. विधवा बाई, करीचा दिवस, पुरुषांची बैठक, आणि समोर भासरे. मधले भासरे तर म्हणाले, मग उद्या नांगरही धरील. मी आतून जाऊबाईंना सांगितलं की धरलाच आहे म्हणावं, दोन सालांपासून. मोठे भासरे मात्र निराळे. मोठा हुशार माणूस. त्यांनी नाही म्हटलंच नाही. जाऊबाईंना हाक मारून सपरीतून मोठ्यानं म्हणाले, "सांग तिले, बसाचं असन तर बस म्हना. पन माझ्या डावात तोंडानं बोलल्याशिवाय चाल नाही. मुक्यानं चिंचोके लोटले तर मी धरनार नाही. पत्ते टाकाचे असन तर खुशाल मुक्यानं टाका."

सगळ्यांना वाटलं, झालं, मिटलं. भासऱ्यांपुढे बोलायचं नाही आणि बोलल्याशिवाय लावायचं नाही. म्हणजे मी नुसते पत्ते टाकत बसायचं, ब्लाइंडचे चिंचोके एकेक करून जायचे आणि वाटी आपोआप रिकामी व्हायची. जाऊबाई माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहत होत्या. मी मात्र मनात म्हटलं, बरं सापडलं. नाहीतरी सुरुवातीला मला पत्ते टाकायचेच होते.

मी पदर घेतला आणि सतरंजीच्या कोपऱ्यावर जाऊन बसले. सतरंजीवर. मोठ्या भासऱ्यांनी आपला गुडघा आवरून घेतला, जसा काही मी तिथे निखारा ठेवला. त्यांच्या शेजारी मधले, मधल्यांच्या शेजारी मी, माझ्यानंतर देवर. चार वाट्या, प्रत्येकीत शंभर चिंचोके. ब्लाइंड एक आणि दोन, आणि आतून चाय आली की दुप्पट.

पहिले पत्ते उचलले. राणी-छक्की. टाकले. गुलाम-तिर्री, टाकले. पंजी-दुर्री, टाकले. मधले भासरे म्हणाले, ही तर पाहुणी आली, पत्ते पाहून परत देते. देवर हसले. मी पुन्हा टाकले. एकदा एक्का-अठ्ठी आली. तीन पत्ती खेळणाऱ्या घरात एक्का पाहिला की हात आपोआप पुढे जातो, माझाही गेला होता. पण सगळ्यांत आधी बोलायची पाळी माझी होती आणि मागे तिघं बसलेले होते. टाकला एक्का. तो टाकताना दुखलं, खोटं कशाला सांगू.

एक चाय झाली, दुसरी झाली. माझी वाटी थोडी थोडी उतरत होती, पण वाटीच होती. मग एका डावात देवरांनी पत्ते टाकले आणि मोठ्या भासऱ्यांनी पत्ते पाहून वीस लावले. पुढे मधल्यांची पाळी, त्यांच्यावर ब्लाइंड. त्यांनी पत्त्यांना हातसुद्धा लावला नाही. "पाहतो कोन?" म्हणत त्यांनी वाटी पालथी केली. आता पाळी माझी. मी पत्ते वर केले तर गुलामांची जोडी. पूर्ण दिवसातले पहिले खरे पत्ते. मधल्यांच्या न पाहिलेल्या पत्त्यांची मला काडीची भीती नव्हती. पण माझ्या मागे मोठे बोलायचे होते, आणि ते पाहून बोलतात. शिवाय मनात आलं, की हे दोघं भांडले तर एक जण उठेल, आणि मी न भांडता एक पायरी वर जाईन. गुलाम टाकले. मोठे "आलो" म्हणाले. त्यांच्याकडे नव्व्यांची जोडी निघाली, मधल्यांकडे पंजी-तिर्री. माझे गुलाम त्या डावात सहज जिंकले असते. तरीही मी ते टाकले याचं मला वाईट वाटलं नाही. मधले मर्दासारखा गेलो म्हणत उठले आणि त्यांचं पाणी शेवटचं झालं.

तिसऱ्या चायनंतर मला राजा-राजा आले. दोन राजे. पाळीही चांगली होती. आता बोलायचं होतं. बोलायचं ठरवूनच आले होते, तरी पत्ते हातातच फिरवत बसले. समोर तो माणूस बसला होता ज्याच्यापुढे मी बाळंतपणाच्या कळा आल्या तेव्हाही आवाज काढला नव्हता. मला माझाच राग आला. मेलं काय आहे यात, दोन शब्दांचं तर काम. मी पदर मागे केला, तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "वाढवलं. चाळीस."

दारात उभ्या जाऊबाई म्हणाल्या, अव माय. मोठ्या भासऱ्यांनी पाळीची वाटही न पाहता पत्ते असे टाकले जसा हाताला चटका बसला. पत्ते वाईट होते म्हणून नाही, आवाज ऐकून टाकले. देवर मात्र थांबले नाहीत. त्यांच्याकडे एक्का-गुलाम होता, आणि वहिनी बोलल्याच आहेत तर आता होऊन जाऊ द्या म्हणत त्यांनी सगळे लोटले. मी म्हटलं, "आली." मधे एक्का आला नाही. मी दोन राजे सतरंजीवर उलटे केले, सगळ्यांनी वाकून पाहिले. देवर उठले. बाहेर जाता जाता मधल्यांना म्हणाले की वहिनी बोलली म्हणजे राजाच असतो. ते वाक्य मोठ्यांनीही ऐकलं.

राहिलो आम्ही दोघं. दीर-भावजय म्हणावं तर तोंडओळख नाही आणि परके म्हणावं तर एकाच चुलीचं खाल्लेलं. त्यांच्याकडे चिंचोके जास्त, माझ्याकडे कमी. दोघंच उरले की दर डावाला ब्लाइंड लागतो, पत्ते टाकून टाकून जगता येत नाही. तरी मी आणखी सहा-सात डाव मुकाट्यानं टाकले. माझी वाटी निम्म्यावर आली. दुसरं पाणी तर मिळालंच होतं, आणि आतून कोणी तरी म्हणालंही की आता सोडून दे म्हणावं. कसं सोडू? अर्ध्या बोडीचं दुसरं पाणी म्हणजे अर्ध्या लोंब्या. आणि अर्ध्या लोंब्यांसाठी मी बावीस वर्षांचं तोंड उघडलं नव्हतं.

मग तो डाव आला. माझे पत्ते सत्ती-दुर्री, वेगवेगळ्या रंगांचे. या खेळात याच्यापेक्षा फालतू पत्ते नाहीत. भासऱ्यांनी नुसती बरोबरी केली, मी सतरंजीवर बोट टेकवलं, म्हणजे फुकटात पुढे गेले. मधे पडले एक्का, दश्शी, चव्वी. माझ्याकडे काहीच नाही, जोडीही नाही. ते म्हणाले, तीस. म्हणजे दश्शीची जोडी लागली असणार. एक्का असता तर त्यांनी मिशीला हात लावला असता, ते मी बावीस वर्षं दाराआडून पाहिलंय.

मी त्यांच्या जागी बसून विचार केला. समोर बाई आहे. जन्मात एकदाच बोलली तेव्हा दोन राजे निघाले. तेव्हापासून पुन्हा मुकी. ही रीत मोडून दुसऱ्यांदा तोंड उघडेल तर फुकट उघडेल का? सत्ती-दुर्रीसाठी कोणती बाई भासऱ्याशी बोलेल? कोणतीच नाही. त्यांच्या डोक्यात ते बसतच नाही. मला हसू येत होतं. त्यांनी मला बोलल्याशिवाय चाल नाही असं बांधून ठेवलं होतं, आणि त्यामुळे माझ्या बोलण्याला सोन्याचा भाव आला होता.

मी मान वर केली आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणाले, "सगळे."

त्यांनी पत्ते उचलून पाहिले, ठेवले, पुन्हा पाहिले. माझ्याकडे पाहिलं नाही, पाहता येत नव्हतं त्यांना, रीत त्यांनाही बांधत होतीच. शेवटी पत्ते टाकले. जाऊबाईंकडे वळून म्हणाले, विचार तिले, काय होतं? मी माझे पत्ते गड्डीत सरकवून दिले आणि काही सांगितलं नाही.

पुढच्याच डावात त्यांचा राग वर आला. थोरल्या तिघांत एवढा एकच माणूस पत्ते पाहून खेळणारा, पण त्यानंही आता पत्त्यांना हात लावला नाही. बाईपुढे पाहून काय खेळायचं, म्हणाले, आणि वाटी लोटून दिली. गेल्या साली माझा हात लोटला होता तसाच. मी माझे पत्ते पाहिले. एक्का-नव्वी. "आली," म्हटलं. एक्क्याची जोडी लागली. त्यांच्याकडे थोडेच चिंचोके उरले, ते त्यापुढच्या दोन-चार डावांत गेले. मी उठले तेव्हा पाय बधिर झाले होते. जाऊबाई मला आत नेऊन म्हणाल्या की बावीस वर्षं तुझं टपाल-खातं चालवलं, आता मी सुटले बापा.

मधल्यांनी गावात सांगायला सुरुवात केली की खेळ तो खेळ, पाणी वयाप्रमाणेच सुटेल. मी पाचव्या दिवशी सकाळी फावडं घेतलं आणि कोणाला न विचारता बोडीवर गेले. तुडुमाचं बूच निघता निघेना, कंबरभर पाण्यात उतरून ओढलं. पाणी पाटात धावलं. पाट मोठ्यांच्या बांधीला लागूनच जातो. त्यांचं धान माझ्याइतकंच तहानलेलं होतं, ते मला दिसत होतं आणि वाईटही वाटत होतं. तरी मी पाणी तिकडे वळवलं नाही. गेल्या साली माझ्या बांधीकडे पाहून कोणाला वाईट वाटलं होतं का?

धुऱ्यावर मोठे भासरे उभे होते. मला वाटलं, आता अडवतील. मी फावडं घट्ट धरलं. पण त्यांनी अडवलं नाही. आजूबाजूला कोणी नव्हतं, जाऊबाई नव्हत्या, एक लेकरूसुद्धा नव्हतं ज्याच्याकडून विचारावं. ते पाण्याकडे पाहत पाण्यालाच म्हणाले, "त्या डावात काय होतं, तेवढं समजलं पायजे."

फोनमधल्या खेळात शिकले होते की असं कधी सांगायचं नसतं. फसवलं ते फसवलं, झाकून ठेवायचं, पुढे कामी येतं. मीही झाकून ठेवू शकले असते. पुढच्या पोळ्याला पुन्हा वर्षभर मुकी राहून एकदा तोंड उघडलं असतं, आणि पुन्हा सगळे घाबरून पत्ते टाकून बसले असते. दर साली पाणी माझं. पण त्यासाठी मला दर साली मुकं राहावं लागलं असतं.

"सत्ती अन् दुर्री," मी म्हणाले.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. "कायीच नव्हतं?"

"कायीच नव्हतं."

"मंग बोलल्या काहून?"

"कायी नव्हतं म्हनूनच बोलली, दादा. बोलन्याबिगर माझ्यापाशी दुसरं होतं काय?"

ते पुन्हा पाटातल्या पाण्याकडे वळले. पाणी त्यांच्या धानाच्या कडेनं माझ्या बांधीत उतरत होतं. मग म्हणाले, "पुढच्या साली तुमी बोलल्या तर मी पत्ते टाकनार नाही."

"नका टाकू," मी म्हटलं. "पुढच्या साली मी पहिल्या डावापासून बोलन."